खाद्याचा प्रोटीन रिपोर्ट: पैसे वसूल होतात का?

आमच्या भागातले बरेच गोठेवाले विचारतात की खाद्य लॅबला पाठवून काही फायदा होतो का, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही एका खासगी लॅबकडून मोठा रिपोर्ट घेतो, म्हणजे नुसतं क्रूड प्रोटीन (पोत्यावर छापतात ते एकूण प्रोटीन) नाही तर ते गाईच्या पोटात कुठं किती मोडेल, किती पुढं आतड्यात जाईल आणि किती शेणावाटे वाया जाईल याचा अंदाज पण त्यात असतो. माझं मत आधीच सांगतो, 12-15 लिटरच्या वर दूध देणाऱ्या संकरित गाई असतील आणि खाद्य विकत आणत असाल तर घ्यावाच.

पोत्यावर जे 20 टक्के, 22 टक्के प्रोटीन छापलेलं असतं ते कसं काढतात माहितीये का? नायट्रोजन मोजायचा आणि 6.25 ने गुणायचं, झालं. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, त्या हिशोबानं युरियाचं प्रोटीन 287 टक्के निघतं! म्हणजे शेंगपेंड, सरकी पेंड, युरिया, भट्टीत करपलेला माल, सगळं त्या एकाच आकड्यात बसतं. गाईच्या पोटात मात्र प्रत्येकाची वाट वेगळी. काही प्रोटीन कोटीपोटातले (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू मोडून त्याचा अमोनिया करतात आणि सोबत मका भरडा, मळी असं काही एनर्जी देणारं असेल तर त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर वाढवतात, मग ते जंतूच पुढं आतड्यात जाऊन गाईला पचतात. गाईला लागणाऱ्या प्रोटीनचा निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा या जंतूंकडूनच येतो. एनर्जी कमी पडली तर तो अमोनिया लिव्हरमध्ये जातो, त्याचा युरिया होतो आणि मूत्रातून, दुधातून बाहेर पडतो, म्हणजे पेंडीचे पैसे गटारात. जे प्रोटीन जंतूंच्या तावडीतून सुटून थेट आतड्यात जातं ते बायपास.

साधा हिशोब बघा. 18 लिटरची गाय दिवसाला साधारण साडेपंधरा किलो सुकं खाद्य खाते, त्यात 16 टक्के प्रोटीन धरलं तर अडीच किलोच्या आसपास झालं, आणि दुधातून परत येतं सहाशे ग्रॅमच्या आत. म्हणजे चौथा हिस्सा पण नाही! म्हणून हा रिपोर्ट मला महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मका डीडीजीएसला, म्हणजे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेल्या वाळवलेल्या चोथ्याला. इथेनॉलचे कारखाने वाढल्यापासून हा माल सगळीकडं मिळायला लागलाय आणि पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. आम्ही दोन लॉटचे नमुने एकत्रच पाठवले होते, एक पिवळसर सोनेरी, हातात भुरभुरीत, वासाला गोडसर आंबूस, आणि दुसरा गडद तपकिरी, नाकाजवळ नेला की करपलेल्या साखरेसारखा वास. क्रूड प्रोटीन दोन्हीचं जवळपास सारखं, 28 च्या आसपास, व्यापाऱ्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण रिपोर्टमध्ये खाली एडीआयएन म्हणून एक आकडा असतो, म्हणजे उष्णतेनं साखरेशी जखडून बसलेला नायट्रोजन, तो सोनेरी मालात एकूण नायट्रोजनच्या दहाव्या हिस्स्याच्या आत आणि गडद मालात पाचव्या हिस्स्याच्या वर! गडद माल दुसऱ्या दिवशी परत पाठवला. नुसत्या क्रूड प्रोटीनच्या रिपोर्टवर हे कळलंच नसतं.

आता जे आवडलं नाही ते. या लॅबचं गणित अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या पद्धतीवर आहे, त्यात प्रोटीनचे वेगवेगळे भाग पाडतात आणि प्रत्येक भाग ताशी किती वेगानं मोडतो ते धरतात. पद्धत चांगली आहे, प्रश्न वेगाचा आहे. एखादा भाग ताशी 6 टक्के वेगानं मोडतोय आणि ताशी 6 टक्के वेगानंच कोटीपोटातून पुढं सरकतोय तर त्यातला निम्मा मोडणार आणि निम्मा सुटणार. पण 25 लिटरची गाय खाते जास्त, तिच्या पोटातून खाद्य लवकर पुढं जातं, म्हणून तीच पेंड तिच्यात जास्त बायपास होते आणि आठ लिटरच्या गाईत कमी. रिपोर्टमध्ये मात्र एकाच सरासरी गाईचा एकच बायपासचा आकडा छापलेला. फोन करून दूध आणि खुराक कळवला की नवीन आकडे काढून देतात, चांगलं आहे, पण हे फॉर्ममध्येच विचारायला काय हरकत आहे?

दुसरं म्हणजे एनआयआर मशीन. उजेड टाकून दोन मिनिटात आकडे देतं, स्वस्त पण पडतं, पण त्याला आधी त्याच प्रकारच्या मालाचे केमिकल टेस्टचे आकडे शिकवावे लागतात. मका, सोयाबीनचे आकडे छान जुळतात. टरफलासकट सरकी पेंड आणि ज्वारीचा कडबा यांच्यावर माझा तेवढा भरवसा नाही, त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊन केमिकल टेस्टच सांगा. आणि वाळवताना जखडलेलं प्रोटीन हे गणित शून्य पचनाचं धरतं, खरं तर डीडीजीएसमध्ये त्यातलं थोडं पचतं, त्यामुळे तो आकडा दोन लॉटमध्ये तुलना करायला वापरा, अगदी ग्रॅमचा हिशोब करू नका.

सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे बारीक छिद्रांच्या नायलॉनच्या पिशवीत खाद्य भरून ती फिस्टुला केलेल्या (कुशीतून पोटापर्यंत कायमचं छिद्र ठेवलेल्या) गाईच्या कोटीपोटात ठेवायची आणि ठरावीक तासांनी काढून बघायचं काय उरलं. स्कॉटलंडमधल्या रॉवेट संस्थेच्या ऑर्स्कोव्ह आणि मॅकडोनाल्ड यांनी 1979 मध्ये त्याचं गणित मांडलं ते आजही वापरतात. पण ते संशोधन केंद्राचं काम, आपल्याला दर लॉटला परवडणार नाही, म्हणून हे अंदाजाचे रिपोर्ट.

अंदाज बरोबर आला का हे घरी तपासायचा सोपा मार्ग म्हणजे दुधातला युरिया नायट्रोजन, एमयूएन. साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम प्रति 100 मिली ठीक समजतात. आमच्याकडं लसूण घास आणि शेंगपेंड सोबत चालू होती तेव्हा तो वर गेला होता, रिपोर्टमध्ये पण लवकर मोडणारं प्रोटीन जास्त दाखवलं होतं. शेंगपेंड कमी करून थोडा मका भरडा वाढवला, दूध तेवढंच राहिलं आणि एमयूएन खाली आला. फक्त एक बघा, काही लॅब युरिया नायट्रोजन देतात आणि काही पूर्ण युरिया, पूर्ण युरिया असेल तर त्याला 2.14 ने भागायचं, नाहीतर उगाच घाबराल.

रिपोर्ट सगळा इंग्लिशमध्ये येतो हे मला खरंच खटकतं, घरातल्या बायामाणसं गोठा सांभाळतात, खुराक त्याच मोजून घालतात, त्यांना वाचता येईल असं निदान एक पान मराठीत हवं.

ज्यांच्या दोन-तीनच गाई आहेत आणि दूध आठ-दहा लिटरच्या आत आहे त्यांनी एवढा खर्च करू नये, एनडीडीबीचं (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचं) पशु पोषण ॲप मोफत आहे, त्यात खाद्यांचे सरासरी आकडे आधीच भरलेले असतात, त्यावर खुराक बसवला तरी पुष्कळ फरक पडतो. मोठ्या गोठेवाल्यांनी पेंडीचा आणि डीडीजीएसचा प्रत्येक नवीन लॉट, आणि मुरघासाचा (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा उघडला की एकदा, एवढं पाठवलं तरी पुरतं. नमुना एका पोत्याच्या तोंडातला घेऊ नका, पाच-सहा पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून काढा, ताडपत्रीवर नीट मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत अर्धा किलोवर आणा. मुरघास असेल तर हवा काढून पिशवी घट्ट बांधून त्याच दिवशी पाठवा.