जेवणाच्या टेबलावर क्रोशाचे चौकोन : काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

क्रोशाचे टेबलपोस बहुतेक घरांत पाहुणे येण्यापुरते बाहेर निघतात आणि मग पुन्हा कपाटात जातात. आमच्याकडे मात्र वीस नंबरच्या पांढऱ्या सुती दोऱ्याचे चौकोन जोडून केलेली लांब पट्टी गेले काही महिने जेवणाच्या टेबलावर रोज अंथरलेली असते, आणि त्याच दोऱ्याचे ट्रेवरचे रुमाल रोजच्या चहाला वापरात आहेत. विणताना जे देखणे दिसते आणि वापरात जे टिकते, त्यांत बराच फरक असतो. तो फरक नेमका कुठे पडतो हे नव्याने विणायला बसणाऱ्यांना आधी कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात दोऱ्यापासून करते. दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. दहा नंबरचे विणकाम भराभर वाढते, पण टेबलावर जाडसर बसते. चाळीस नंबरची नजाकत वेगळीच, मात्र रोजच्या धुण्याला ते फार नाजूक ठरते. वीस नंबर आणि १.२५ मिलिमीटरची पोलादी सुई ही जोडी मला टेबलासाठी सर्वांत योग्य वाटते. दोरा मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेलाच घ्यावा. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने सूत अधिक मजबूत होते आणि रंग चांगला धरते, हे इंग्लंडमधील जॉन मर्सर यांना १८४४ मध्ये आढळले; पुढे होरेस लो यांनी तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा त्याला आज आपण पाहतो ती चकाकी आली. बऱ्याच धुण्यांनंतरही आमच्या पट्टीची चकाकी टिकून आहे आणि तिच्यावर लव सुटलेली नाही. साध्या, बिनचकाकीच्या सुताचा एक जुना रुमाल तिच्याशेजारी ठेवला की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

मध्यापासून बाहेर विणत नेलेला चौकोन मी मुद्दाम निवडला. आडव्या ओळींत विणलेल्या जाळीच्या चौकोनात खांबांची (उभ्या, उंच टाक्यांची) उंची आणि घरांची (त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांची) रुंदी यांचा मेळ ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून असतो, त्यामुळे चौकोनाचा नकळत आयत होतो. मध्यापासून सुरू केलेल्या चौकोनात चारही बाजू एकाच हाताने, एकाच फेरीत वाढतात, म्हणून हात सैल असो वा घट्ट, त्या सारख्याच राहतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. प्रत्येक फेरी सुलट बाजूनेच विणली, तर वरचा खांब खालच्या खांबाच्या किंचित बाजूला बसतो आणि फेऱ्या वाढतील तसा सगळा चौकोन पीळ पडल्यासारखा तिरका होत जातो. एक फेरी सुलट व पुढची उलट अशी विणली की हा तिरकेपणा जातो. कोपऱ्यात एकाच घरात दोन खांब, तीन साखळ्या आणि पुन्हा दोन खांब एवढे पुरते. साखळ्या कमी पडल्या तर कोपरा आत ओढला जाऊन चौकोन वाटीसारखा खोलगट होतो, आणि जास्त झाल्या तर कडेला झालर पडते.

जोडणीबद्दल माझे मत ठाम आहे. चौकोन वेगवेगळे करून शेवटी सुईदोऱ्याने शिवण्यापेक्षा शेवटच्या फेरीतच शेजारच्या चौकोनाच्या साखळीत अडकवत जावे. आमच्या पट्टीत १० सेंटिमीटरचे ४८ चौकोन आहेत, चार आडवे आणि बारा उभे. म्हणजे प्रत्येकी दोन धरून लपवायची दोऱ्याची टोकेच ९६. त्यांत शिवणीच्या टोकांची भर कशाला घालायची? शिवाय शिवण धुण्यात आवळते, विणलेला जोड चौकोनाबरोबर सैलावतो आणि त्याच्याबरोबरच आटतो. चार चौकोन जिथे भेटतात तो बिंदू सर्वांत कच्चा असतो. तिथे प्रत्येक येणारा चौकोन पहिल्या जोडाच्या त्याच घरात अडकवावा, नाहीतर मधोमध भोक राहते आणि पट्टी उचलताना सगळा भार तिथेच येतो. क्रोशाच्या लेससाठी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आंध्रातील नरसापूरच्या परिसरात फुले विणणाऱ्या बायका वेगळ्या आणि ती जोडणाऱ्या वेगळ्या, अशी कामाची वाटणी होत आली आहे. जोडणी हे स्वतंत्र कसब आहे, हे तिथे केव्हाच ओळखलेले होते.

आता प्रत्यक्ष वापराचे. मध्यभागी उठावदार पाकळ्यांचे फूल असलेला चौकोन फार सुंदर दिसतो, पण त्यावर पेला ठेवला की तो कलंडतो. टेबलासाठी सपाट नक्षीच हवी. पाचपेक्षा जास्त साखळ्यांची कमान बांगडीत हमखास अडकते. कडेचे टोकदार कंगोरे अंगठीत अडकतात, म्हणून मी पट्टीची कड मुक्या खांबांच्या (आखूड, घट्ट टाक्यांच्या) दोन फेऱ्यांनी साधीच बंद केली आहे. गरम पातेल्यापासून हे विणकाम टेबलाचे रक्षण करत नाही, त्याखाली वेगळे काहीतरी लागतेच.

हळदीचे डाग ही आपल्या स्वयंपाकघरातली खरी परीक्षा. आमटीचा थेंब पडला की आधी नुसत्या पाण्याने धुवावे. साबण लागताच डाग लालसर होतो, त्याने घाबरून जाऊ नये; क्षारामुळे हळदीचा रंग तसा बदलतोच. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून पट्टी ओलसर असतानाच उन्हात टाकली की उरलेला पिवळेपणा एकदोन दिवसांत उडतो. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा डाग काही दिवस तसाच राहू द्यावा लागतो, पण ब्लीचचा मोह मी टाळते. धुतल्यावर पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी कोपरे ताणून सपाट पाटावर वाळवावे. भाताच्या पेजेची हलकी खळ दिली तर नक्षी फार उठून दिसते, पण ठेवणीच्या कापडाला खळ राहिली की कसर लागते, म्हणून कपाटात ठेवण्याआधी ती धुऊन काढावी आणि कापडाची घडी न घालता गुंडाळी करावी.

चौकोनांचा सर्वांत मोठा फायदा मला दुरुस्तीत दिसला. मध्यंतरी एका चौकोनाची कमान काट्यात अडकून तुटली. एकसंध गोल टेबलपोस असता तर भोक फेरीफेरीने वाढत गेले असते. इथे खराब चौकोनाचा दोरा जागोजागी कापून अलगद ओढून काढला, तरी शेजारच्या चारही चौकोनांच्या साखळ्या अखंड राहिल्या, कारण प्रत्येकाची शेवटची फेरी त्याच्या स्वतःच्या दोऱ्याची असते. नवा चौकोन विणून शेवटच्या फेरीत चारही बाजूंनी जोडला, आणि आता तो कुठला हे मलाही शोधावे लागते. म्हणूनच दोरा घेताना एकाच लॉटच्या दोनतीन गुंड्या जास्त घेऊन ठेवाव्यात. पांढऱ्या रंगातही लॉटप्रमाणे छटा बदलते आणि जोडणीत ती दिसते. उरलेल्या गुंड्या मी न धुता वेगळ्या ठेवल्या आहेत, पण नव्या चौकोनाला एकदोन धुणी मिळाली की तो जुन्यांसारखाच मऊ होतो.