घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोला पैसे देण्याआधी हे वाचा

नाशिकमध्ये मुंबई नाका असो की गंगापूर रोड, मोठ्या हॉस्पिटलातून पेशंटला घरी न्यायची वेळ आली की कुणीतरी हातात एक कार्ड ठेवतं. 'घरपोच नर्स, आया, वॉर्डबॉय. १२ तास, २४ तास. शासनमान्य.' आम्हाला ते माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, डिस्चार्जच्या दिवशी मिळालं. त्या कार्डावरच्या ब्युरोने आमच्याकडून ४२,००० रुपये घेतले आणि नर्स म्हणून जिला पाठवलं ती नर्स नव्हतीच. त्यापायी अण्णांना पुन्हा ॲडमिट करावं लागलं. पैसे आज ना उद्या भरून निघतील. अण्णांच्या जिवाशी जो खेळ झाला, त्यासाठी हे लिहिते आहे.

अण्णांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून रायल्स ट्यूब घातलेली, लघवीला कॅथेटर. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की आयावर भागवू नका, शिकलेली सिस्टरच ठेवा. आम्ही दोघं नवरा-बायको नोकरी करणारे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे दिवसाच्या बारा तासांसाठी माणूस हवाच होता.

ब्युरोचं ऑफिस एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर. भिंतीवर दोन सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली. टेबलामागच्या बाईंनी दर सांगितले: आया हवी तर महिन्याला १६,०००, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली सिस्टर हवी तर ३०,०००. "ताई, आमच्या सगळ्या मुली रजिस्टर्ड आहेत, काळजीच करू नका." महिन्याचे पैसे आगाऊ, वर डिपॉझिट १०,००० आणि रजिस्ट्रेशन फी २,०००. रक्कम ज्या खात्यावर गेली ते ब्युरोच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "ते आमच्या सरांचंच आहे." सिस्टरच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली, त्यावर तिचा फोटो होता. दोन पानी इंग्रजी करारावर सह्या घेतल्या. त्यात एक कलम असं की ब्युरोने पाठवलेल्या बाईला परस्पर कामावर ठेवलं तर ५०,००० रुपये दंड.

मुलगी आली. विशीतली, सुरगाण्याकडची, अतिशय गुणी. अण्णांचं अंग पुसणं, कपडे, चादरी सगळं मनापासून करायची, 'बाबा, बाबा' म्हणत त्यांच्याशी बोलायची. तिच्याबद्दल माझ्या मनात आजही काही नाही, कारण तिला जे कुणी शिकवलंच नव्हतं ते तिने करावं, असं तिच्यावर लादलं गेलं होतं. ट्यूबमधून भरवताना पेशंटचं डोकं आणि छाती उंच करावी लागते, भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवावं लागतं. ट्यूब जागेवर आहे का, हे भरवण्याआधी दर वेळी तपासायचं असतं. ती आडवं ठेवूनच भरवत होती. अण्णांना खोकला सुरू झाला, ताप चढला, श्वास घुसमटायला लागला. अन्न फुप्फुसात गेलं होतं. न्यूमोनिया झाला आणि पुन्हा आयसीयू. तिथल्या सिस्टरने पहिला प्रश्न हाच विचारला, "घरी कसं भरवत होतात?"

त्या संध्याकाळी ती मुलगी आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली. बारावीनंतर काही दिवस एका दवाखान्यात झाडूपुसू आणि पेशंटला पॉट देण्याचं काम, एवढाच तिचा अनुभव. ब्युरोने तिला पांढरा कोट दिला आणि "कुणी विचारलं तर सिस्टर सांगायचं" असं बजावलं. सर्टिफिकेट दुसऱ्याच कुणाचं, फोटो तेवढा हिचा. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा कोर्स, हेही तिला ठाऊक नव्हतं. आमच्या ३०,००० मधले तिला १०,००० मिळणार होते, तेही पहिल्या महिन्याचे 'डिपॉझिट' म्हणून ब्युरोकडेच राहणार होते. तिचं मूळ आधार कार्ड आणि दहावीचं मार्कशीट त्यांनी ठेवून घेतलेलं. ड्युटी मध्येच सोडली तर कागद मिळणार नाहीत, अशी धमकी. म्हणजे एकाच पावतीवर दोन घरं लुटली, आमचं आणि तिच्या आईबापांचं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

ब्युरोला फोन केला तर आधी म्हणाले, तुमचा पेशंटच सिरीयस होता. मग म्हणाले रिप्लेसमेंट देतो. पैसे परत मागितल्यावर फोन उचलणं बंद. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो तेव्हा त्या बाईंनी भिंतीकडे बोट केलं, "आमचं सरकारी रजिस्ट्रेशन आहे, कुठे जायचं तिथे जा."

ती दोन सर्टिफिकेटं मी त्या दिवशी नीट वाचली. एक गुमास्ता, म्हणजे दुकान-ऑफिसची नोंद, दुसरं उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची नोंद. नाशिककरांनो, हे नीट समजून घ्या. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर धंदा सुरू केल्याची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम तर मालकाने स्वतःच्या माहितीवर स्वतः करायची नोंदणी. साड्यांच्या दुकानाला जे कागद मिळतात तेच हे. आजारी माणसाच्या घरात नर्स पाठवण्याची परवानगी त्यात कुठेही नाही. नर्स पाठवण्यासाठीची वेगळी परवानगी त्या भिंतीवर नव्हतीच, आणि सगळं दुखणं इथे आहे.

हॉस्पिटल आणि नर्सिंग होमसाठी राज्यात १९४९ चा नोंदणी कायदा आहे, पण तो चार भिंतींतल्या दवाखान्याला लागू होतो. नर्सची नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, ती त्या नर्सची असते, तिला पाठवणाऱ्या ब्युरोची नसते. उलट, सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवायचा असेल तर २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला लायसन्स लागतं, माणसाची पोलिसांकडून पडताळणी आणि प्रशिक्षण लागतं. गेटवर उभा राहणाऱ्यासाठी एवढं सगळं, आणि ज्याला हातही हलवता येत नाही अशा म्हाताऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यासाठी काहीच नको? छत्तीसगडने २०१३ मध्येच घरकामासाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींवर कायदा केला. आपल्या महाराष्ट्राने का करू नये?

दिल्लीत एकदा हालचाल झाली होती. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या एजन्सींच्या नोंदणीची तरतूद होती. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. त्याच वर्षी सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत झाले, आणि ते चांगलंच झालं. पण ते हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी. घरी आल्यावर महिनोन्‌महिने लागणाऱ्या सिस्टरचा खर्च त्यात बसत नाही. मग माणूस स्वस्त आणि झटपट मिळेल तिकडे वळतो, आणि असले ब्युरो त्याचीच वाट बघत असतात.

आम्ही काय केलं तेही सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वकिलाकडून नोटीस पाठवली, तेव्हा डिपॉझिटचे १०,००० तेवढे परत आले. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं. त्या ५०,००० च्या दंडाला घाबरू नका. नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड आणि अवाच्या सवा डिपॉझिट या गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करारा'त धरल्या आहेत. नुसत्या त्या कलमाविरुद्ध दाद मागायची असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. पोलीस स्टेशनला आधी "हा तुमचा पैशांचा व्यवहार आहे" असंच ऐकायला मिळालं. दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर फोटो चिकटवलाय, हे लेखी दिलं आणि झेरॉक्स जोडली, तेव्हा अर्ज घेतला. त्या अर्जाची पोच हातात घेऊन आम्ही त्या मुलीबरोबर ब्युरोत गेलो आणि तिचे कागद परत मिळवले. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मार्गदर्शन तिथेही मिळतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर सिस्टरचं मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि आधार कार्ड दोन्ही समोर ठेवायला सांगा. नाव, फोटो आणि नोंदणीची मुदत जुळवा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. पैसे फर्मच्या खात्यावरच भरा आणि पावतीवर 'जीएनएम नर्स' किंवा 'आया' जे ठरलं असेल ते लिहून घ्या, कारण आयोगासमोर तोच पुरावा ठरतो. डिस्चार्जच्या आधी वॉर्डमधल्या सिस्टरसमोर त्या मुलीकडून एकदा ट्यूबमधून भरवून घ्या. जिला येतं ती लगेच करून दाखवते. दर दोन तासांनी कूस बदलणं, कॅथेटरची पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवणं, हे तिला विचारून बघा. आणि तिच्या हातात नेमके किती पैसे पडतात, हेही विचारा. जो ब्युरो मुलीला निम्माही पगार देत नाही, त्याच्याकडे शिकलेली सिस्टर टिकणार कशी?

अण्णा आता घरी आहेत, ट्यूब निघाली आहे. सध्या एक एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स झालेल्या ताई येतात, थेट आमच्याकडून पगार घेतात. ती सुरगाण्याची मुलगीही एएनएमला प्रवेश घ्यायचं म्हणते आहे, फीसाठी आमची मदत राहील.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने पालकमंत्री आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन तयार केलं आहे. मागण्या अशा की घरी रुग्णसेवक पुरवणाऱ्या प्रत्येक ब्युरोला लायसन्स लागावं, पाठवलेल्या व्यक्तीचं शिक्षण आणि पडताळणी नोंदवलेली असावी, तिच्या पगारातून किती कापायचं याला मर्यादा असावी, आणि तिचे मूळ कागद ठेवून घेणं गुन्हा ठरावा. कायदा मुंबईत होईल, पण निदान यादी करून तपासणी जिल्ह्यात आजही सुरू करता येईल. सह्या घेणं चालू आहे. नाशिक, नाशिकरोड, सिडको, पंचवटी, कुठेही असा अनुभव आलेला असेल तर आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जा, पावतीची आणि कराराची झेरॉक्स सोबत न्या, आणि ब्युरोत काम केलेल्या मुलींनाही सही करायला सांगा.