'ला ग्राँद इल्युजों'ची ब्लू-रे : ज्याँ गाबँच्या ओळखीसाठी

ज्याँ गाबँ या फ्रेंच नटाचे काम कोणत्या चित्रपटापासून पाहायला घ्यावे, असे कोणी विचारले तर मी स्टुडिओकनाल या फ्रेंच कंपनीने काढलेल्या 'ला ग्राँद इल्युजों'च्या ब्लू-रेचे नाव घेतो. ज्याँ रन्वार यांचा १९३७ सालचा हा चित्रपट पहिल्या महायुद्धातील फ्रेंच युद्धकैद्यांचा आहे आणि त्यातला लेफ्टनंट मारेशाल गाबँने साकारला आहे. गाबँच्या बाबतीत प्रतीचा दर्जा फार महत्त्वाचा ठरतो, कारण समोरच्याचे ऐकताना पापणी किंचित खाली घेणे आणि उत्तर देण्याआधी क्षणभर थांबणे यांतच त्याचा बराचसा अभिनय असतो, आणि ओरखडे पडलेल्या धुरकट प्रतीत नेमके तेवढेच हरवून जाते.

या प्रतीमागची हकिगत विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी मूळ निगेटिव्ह बर्लिनला नेली, तेथून ती सोव्हिएत सैन्याच्या हाती लागून मॉस्कोला गेली आणि पुढे संग्रहालयांमधल्या देवाणघेवाणीत फ्रान्समधल्या तूलूजच्या चित्रपट संग्रहालयात येऊन कोणाच्या लक्षात न येता वर्षानुवर्षे पडून राहिली. ती सापडल्यामुळेच चित्रपटाला ७५ वर्षे झाली तेव्हा, २०१२ साली, इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तिच्यावरून नवी प्रत तयार होऊ शकली.

या मेहनतीचे चीज कुठे झाले ते पाहायचे असेल, तर अंधारकोठडीचा प्रसंग पाहावा. एकांतवासाने खचलेला मारेशाल ओरडून ओरडून थकतो, तेव्हा म्हातारा जर्मन पहारेकरी खिसे चाचपत त्याला सिगारेटी देऊ करतो आणि शेवटी माउथ ऑर्गन ठेवून निघून जातो. गाबँ तो लगेच उचलत नाही. दाढी वाढलेल्या त्या चेहऱ्यावरचा राग ओसरून तेथे निव्वळ थकवा उरतो, आणि मग तो वाजवू लागतो. नव्या प्रतीत काळोखातही चेहऱ्याच्या रेषा सुट्या दिसतात, त्यामुळे हा बदल टप्प्याटप्प्याने पाहता येतो. ध्वनी अर्थातच मूळचा मोनो आहे, पण संवाद स्वच्छ ऐकू येतात.

विशेष भागांत निगेटिव्हच्या प्रवासाची माहिती आहे आणि दुरुस्तीचे कामही दाखवले आहे. गाबँचे आयुष्य मात्र स्वतंत्रपणे कुठेच मांडलेले नाही, ही या डिस्कची खरी उणीव मला वाटते. १९०४ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या माणसाचे खरे आडनाव माँकोर्झे. 'गाबँ' हे त्याच्या वडिलांचे रंगभूमीवरचे नाव होते. संगीत-रंगमंचावर गाणी म्हणत तो चित्रपटांत आला आणि १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या कष्टकरी माणसाचा पडद्यावरचा चेहरा बनला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीपुढे पडल्यावर तो अमेरिकेत गेला, पण हॉलिवूडमध्ये न रमता स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल झाला, रणगाड्यावर लढला आणि 'क्र्वा द गेर' हे शौर्यपदक मिळवून परतला. रुपेरी केसांच्या या नटाला युद्धानंतर काही वर्षे जुने स्थान मिळाले नाही. ते १९५४ साली झाक बेकेर यांच्या 'तूशे पा ओ ग्रिस्बी' या चित्रपटाने परत दिले, आणि १९७६ साली मृत्यू येईपर्यंत तो काम करत राहिला. युद्धकैद्याची भूमिका करणारा नट पुढे स्वतः गणवेश चढवतो, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला मारेशाल अधिक जवळचा वाटतो; म्हणूनच अर्ध्या तासाचा एखादा चरित्रपर भाग इथे असायलाच हवा होता.

इंग्रजी सबटायटल्सवर विसंबून पाहणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. या चित्रपटात फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी अशा भाषा एकमेकींना भिडतात, आणि खानदानी अधिकारी आपापसांत सहज इंग्रजीवर जातात तेव्हा मारेशाल त्या संभाषणातून बाहेर राहतो. छावणी बदलण्याच्या वेळी तो नव्याने आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला खोलीत पळून जाण्यासाठी खणलेल्या भुयाराची बातमी देऊ पाहतो. त्या अधिकाऱ्याला फ्रेंच येत नाही आणि महिनोन्महिने खणलेले भुयार वाया जाते. त्या वेळी खालच्या ओळी वाचणे सोडून गाबँचा आवाज ऐकावा, कारण बोलणे पोहोचत नाही हे कळूनही तो घाईघाईने पुन्हा पुन्हा तेच सांगत राहतो.