वरोरा-चिमूर रस्त्यावरचा आलुबोंडा आणि मागचा जुना रपटा

वरोऱ्याहून चिमूरकडे निघालं, शेगाव बुद्रुक मागं पडलं, की पुढं एका नाल्याच्या पुलाला लागून टिनाचं हॉटेल आहे. पाटी नाही. बाहेर कढई आणि दोन बाकडी दिसली की गाडी थांबवायची. माहेर चिमूरचं, त्यामुळे गेली सहा वर्षं मी इथं थांबतेच.

काका आलुबोंडा वाटीत कुस्करतात, वरून तर्री आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. दोन बोंड्यांचे ३० रुपये. तर्री जाळते, पण मसाला घरी कुटलेला आहे हे पहिल्या घासालाच कळतं. दुपारनंतर मात्र घेऊ नका, सकाळचाच माल पुन्हा तळून देतात. चहा फार गोड, आधीच सांगायचं. बायकांसाठी मुतारी नाही. एवढ्या वाहत्या रस्त्यावर ती हवीच, काकांनाही मी तोंडावर सांगितलंय.

गर्दी ओसरली की काकांना नाल्याबद्दल विचारा. हॉटेलमागून खाली उतरलं की जुन्या रपट्याचे, म्हणजे नाला ओलांडायच्या बुटक्या पुलाचे, दगड दिसतात. काकांचे वडील १९४२ साली बारा वर्षांचे होते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये 'चले जाव' आंदोलनातल्या लोकांवर पोलिसांची गोळी चालली, बालाजी रायपूरकर पडले. चिडलेल्या लोकांच्या हातून चार सरकारी माणसं मारली गेली. आता फौज येणार, हे गावागावांत कळून चुकलं होतं. मग लोकांनी रस्त्यांवर झाडं आडवी टाकली, पूल-मोऱ्या फोडल्या.

"आपलाच रस्ता, आपल्याच लोकायनं फोडला," काका सांगतात. "बाप म्हणे, रातभर कुऱ्हाडीचा आवाज येत होता. वरून पाणी. ओलं झाड लवकर पडत नाही ना बाई."

तीन दिवस चिमूर स्वतंत्र होतं. मग फौज पोचली, आणि गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भणसाळींनी ६३ दिवस उपास केला. पोलिसांनी त्यांना चिमूरहून उचलून सेवाग्रामला नेऊन सोडलं, तर ते पुन्हा चिमूरकडे पायी निघाले. माझी आजी तेव्हा चिमुरातच होती. त्या दिवसांबद्दल ती एकच वाक्य बोलायची, "दार लावून घेतलं होतं." पुढं कधी काही नाही. शाळेत आम्हाला सनावळी पाठ होती, पण आजीचं ते दार आणि ही कुऱ्हाड एकाच आठवड्यातली, हे मला या बाकड्यावर बसून उमगलं.

काका वाढवून सांगत नाहीत, म्हणून मला त्यांचं पटतं. वडिलांनी जे पाहिलं तेवढंच. पोरांनी विचारलं तर कढईखालची आच कमी करून, हात पुसून, स्वतः नाल्यापर्यंत घेऊन जातात. माझ्या लेकीला त्यांनी दगडांवरून हात धरून पलीकडे नेलं. मागच्या वेळी दोन दगड बाजूच्या बांधकामासाठी कुणीतरी उचलून नेलेले दिसले. जीव तुटला. गावातल्या कुणाच्या हाती असेल तर उरलेले तरी राखा.

गाडी पुलावर लावू नका, ट्रक वेगात येतात. आणि १६ ऑगस्टला हॉटेल बंद असतं. काका त्या दिवशी चिमूरला शहिदांना फुलं वाहायला जातात. तेव्हा इथं न थांबता तुम्हीही सरळ पुढं जा.