एस्सिटालोप्राम घेऊ की मिर्टाझापिन? रात्रीचा हिशोब

रावेरच्या माझ्या मावसभावाला डॉक्टरांनी डिप्रेशनवरच्या दोन गोळ्यांची नावं सांगितली आणि विचार करून या म्हणाले, त्याने मला फोन लावला कारण मी सकाळची एस्सिटालोप्राम घेतो आणि आमच्या काकू रात्रीची मिर्टाझापिन.

झोप लागली की साधारण ९० मिनिटांनी पहिली आरईएम झोप येते, स्वप्नांची, डोळे पापणीआड भिरभिरतात आणि मेंदू जवळपास जागा असल्यासारखा चालतो. डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांची ही झोप लवकर येते, आणि गाढ झोपेतल्या मोठ्या संथ लहरी कमी पडतात, म्हणून आठ तास लोळूनही अंग आंबलेलंच.

एस्सिटालोप्राम मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवते, त्याने आरईएम उशिरा येते आणि कमीही होते. पण सुरुवातीला झोप तुटते भो. मी अडीचला टक्क जागा, गच्चीवर पडून भुसावळच्या यार्डातल्या मालगाड्यांचे भोंगे ऐकत. आणि स्वप्नं कमी होतील म्हणावं तर पडायची ती एकदम रंगीत. मध्ये तीन दिवस गोळी राहिली तर दाबलेली आरईएम अशी उसळली की विचारू नका, तेव्हा मनानेच बंद करायची नाही.

मिर्टाझापिनचं उलटं. ती मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिन अडवते म्हणून गुंगी येते, सेरोटोनिन जिथे जाऊन चिकटतं ते काही रिसेप्टरही अडवते म्हणून गाढ झोप वाढते, आरईएमला फारसा धक्का नाही. कमी डोसला, ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमला, झोप जास्त येते हे मला आधी खोटंच वाटलं होतं. फक्त भूक खवळते, काकूंच्या कळण्याच्या भाकरी दोनाच्या तीन झाल्या, वजन वाढलं, सकाळी डोकं जड. काहींचे पाय रात्री वळवळतात तेही बघा.

झोपेवरचा परिणाम पहिल्या रात्रीपासून दिसतो, मनावरचा मात्र दोन्हींचा २ ते ४ आठवड्यांनी, त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या झोपेवरून गोळीला नापास करू नका.

झोप उडालीय, जेवण जात नाही, वजन उतरलंय, अशाला माझ्या मते मिर्टाझापिन बरी. मावसभावाचं जेवण ठीक आहे, पण केळीला रात्रीची लाईट, एक वाजता उठून मोटर चालू करायला जावं लागतं, गुंगीत अंधारात विहिरीवर कसा जाणार? त्याला म्हटलं, पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना फीडरचं, म्हणजे शेतीला लाईट कधी येते त्याचं, वेळापत्रक सोबत ने.