३९९चं नेट, ४७१चं बिल

परभणीत वसमत रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, घर वरच्याच मजल्यावर. दहा वर्षं टीव्ही आणि नेट एकाच केबलवाल्याचं. तो म्हणेल तो दर, कारण दुसरा कुणी नव्हताच. मागच्या दिवाळीत खांबावर एका मोठ्या कंपनीची वायर आली आणि त्याच आठवड्यात ह्यानं सहाशेचं नेट पाचशेला केलं. न मागता! मग इतके दिवस शंभर रुपये कशाचे घेत होतास, विचारलं. नुसता हसला.

रागानं कंपनीचं नेट घेतलं. बोर्डावर ३९९. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७० रुपये ८२ पैसे, तेही सहा महिन्यांचे एकदम. स्पीड चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण जुलैत, ऐन पीकविम्याच्या गर्दीत, नालीच्या कामावरच्या जेसीबीनं खांबावरच्या सगळ्या वायरी ओढल्या. कस्टमर केअरची पोरगी लई गोड बोलली, तक्रार नंबर दिला. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. दारात शेतकरी सातबारा घेऊन उभे, मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. केबलवाल्याचा पोरगा मात्र त्याच संध्याकाळी टीव्हीची वायर जोडायला शिडी घेऊन आला आणि माझे हाल बघून नेटही चालू करून गेला. पैशाचं नंतर बघू म्हणाला.

टीव्हीच्या बिलात मात्र केबलवालाही काही कमी नाही. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही-फोनवाल्या कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानं आपले चॅनल आपण निवडायचे. आईला मालिकांचे चार लागतात. पण आधी नुसत्या जोडणीचे, म्हणजे नेटवर्क फीचे, १३० रुपये, करासह १५३.४०, त्यात पेड चॅनल एकही नाही. ही फी १३०च्या वर न्यायची नाही अशी मर्यादा होती, २०२४ मध्ये ट्रायनं तीही उठवली. यादी दिली तर म्हणतो, "काका, पॅकच घ्या, सुटं महाग पडतं." हिशेब मांडला तर पॅक खरंच आठ रुपयांनी स्वस्त. वर कार्टूनचे तीन चॅनल. आमच्या घरात सगळ्यात लहान मी, वय ५२.

कंपनीचे पैसे दसऱ्यापर्यंत भरलेले आहेत. केबलवाला आता साडेचारशेत नेट द्यायला तयार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. चारशेवर येतो का बघतो.