तेल संपल्यावर विमान कशावर उडेल, आणि बेळगावच्या मुलांनी कोणती शाखा घ्यावी?

दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते: ऑप्शन एन्ट्रीत (प्रवेशाच्या पसंतीक्रमात) सगळ्यात वर काय टाकायचं? अलीकडे त्यात विमान क्षेत्राचं नाव बरंच ऐकू येतं. सांबऱ्याचा विमानतळ दारात आहे, हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये एअरबस आणि बोइंगच्या विमानांचे सुटे भाग बनतात, त्यामुळे मुलांना ते स्वप्न दूरचं वाटत नाही. पालकांची शंका वेगळीच असते. तेलच संपणार म्हणतात, मग विमानाच्या मागे लागून पोराचं काय होणार? ही शंका रास्त आहे. आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा २०६५च्या पुढे निवृत्त होईल, म्हणून निर्णय पुढच्या चाळीस वर्षांकडे बघून घ्यायला हवा.

तेल संपणं म्हणजे एके दिवशी पंप कोरडा पडणं नव्हे. सहज मिळणारं तेल आधी उपसून होतं, खोल समुद्रातलं खर्चिक तेल मागे उरतं आणि भाव चढत जातो. रेल्वे विजेवर गेली, गाड्या जात आहेत. विमानाचं मात्र अडतं, आणि ते वजनापाशी अडतं. एक किलो जेट इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. चांगल्या लिथियम बॅटरीच्या एका किलोत जेमतेम पाव युनिट. पुढची सगळी तुलना या दोन आकड्यांवर उभी आहे.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण मुलांना तीच सर्वांत आकर्षक वाटते. बेळगावहून बंगळूर किंवा मुंबई हवाई मार्गाने चारशे किलोमीटरच्या आसपास. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला एवढ्या फेरीसाठी ढोबळमानाने टनभर इंधन धरू. विजेची मोटर इंजिनाच्या तिप्पट काटकसरी आहे असं मानलं, तरी तेवढ्याच कामाला सोळा टन बॅटरी लागते. एटीआर ७२ चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजनच २३ टन, आणि रिकामं विमान तेराहून जास्त टनांचं. म्हणजे बॅटरी चढवली की प्रवासी तर सोडाच, विमानच उठणार नाही. शिवाय इंधन जळत गेलं की विमान हलकं होतं, बॅटरी शेवटपर्यंत तेवढीच जड राहते. युरोपने २०२० मध्ये पिपिस्ट्रेल कंपनीच्या विजेवरच्या विमानाला मान्यता दिली, पण ते दोन आसनी आहे, प्रशिक्षणाचं आहे आणि तासाभराच्या आत खाली उतरतं. बॅटरी सुधारतील, लहान पल्ल्याची नऊ-दहा आसनी विमानंही येतील. पण ‘विमानं बॅटरीवर जाणार’ एवढ्याच भरवशावर शाखा निवडू नये.

हायड्रोजनची गोष्ट याच्या उलटी आहे. वजनाच्या हिशोबात तो जेट इंधनाच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा देतो, पण जागा खातो. उणे २५३ अंशांवर द्रवरूप करून ठेवला तरी तेवढ्याच ऊर्जेला चौपट मोठी टाकी लागते. अशी टाकी पंखात मावत नाही. विमानाचं पोटच नव्यानं आखावं लागतं आणि प्रत्येक विमानतळावर अतिथंड साठवण उभारावी लागते. हे अशक्य नाही. सोव्हिएत संघाच्या तुपोलेव्ह १५५ ने १९८८ मध्येच द्रव हायड्रोजनवर उड्डाण केलं. २०२३च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये एका डॉर्नियर २२८ चं एक इंजिन काढून तिथे हायड्रोजनवरची विद्युत यंत्रणा बसवली गेली आणि ते उडालं. पण एअरबसने २०२० मध्ये २०३५ पर्यंत हायड्रोजनचं विमान आणण्याची घोषणा केली होती, ती मुदत २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली. ज्याला एम.टेक., पीएच.डी.पर्यंत संशोधन करायचं आहे त्याने या वाटेला जरूर जावं. चार वर्षांत नोकरी हवी असलेल्याने नाही.

आता आपल्या दारातली वाट. हिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण गळीत हंगामात चिकोडी, गोकाक, अथणी, रायबागच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा त्या उसात विमानाचं इंधनही आहे, हे आपल्याच मुलांना कुणी सांगत नाही.

उसापासून होणारं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, थेट विमानात घालता येत नाही, कारण लीटरमागे त्याची ऊर्जा जेट इंधनाच्या तीनपंचमांशच. पण त्यातलं पाणी काढून इथिलिन वायू करायचा, त्याचे लहान रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या आणि शेवटी त्यांना हायड्रोजन द्यायचा, की जे तयार होतं ते आजच्याच इंजिनात चालतं. टाकी, पाइप, विमान, काहीच बदलावं लागत नाही. हाच या वाटेचा सगळ्यात मोठा फायदा. आजच्या नियमांनुसार ते साध्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळता येतं. २०२३च्या मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने बनवलेलं असं जैवइंधन मिसळलेलं होतं. त्याआधी २०१८ मध्ये डेहराडून ते दिल्ली हे उड्डाण मोगली एरंडाच्या तेलापासून केलेल्या इंधनाच्या मिश्रणावर झालं होतं.

आणि याला गिऱ्हाईक कायद्याने ठरलेलं आहे. युरोपीय संघाने २०२५ पासून विमान इंधनात २ टक्के शाश्वत (तेल-कोळशाशिवाय केलेलं) इंधन सक्तीचं केलं. २०३० मध्ये ते ६ टक्के आणि २०५० मध्ये ७० टक्के होईल. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं आहे. आज हे इंधन नेहमीच्या इंधनाच्या दुप्पट ते पाचपट महाग पडतं. म्हणजे पुढची वीस वर्षं ज्याला ते स्वस्तात करता येईल, त्याची किंमत राहील. ते काम केमिकल इंजिनीअरचं.

तरीही हिशोब डोळे उघडे ठेवून करायला हवा. एक टन उसाचा रस थेट वापरला तर सुमारे ७० लीटर इथेनॉल मिळतं. एक लीटर जेट इंधनाला पावणेदोन लीटरच्या आसपास इथेनॉल जातं. म्हणजे टनामागे ४० लीटर. मघाची एटीआरची फेरी साडेबाराशे लीटरची, तिला तीस टन ऊस लागला. एकरी चाळीस टनांचा उतारा धरला तर पाऊण एकराचं वर्षभराचं पीक एका फेरीत संपलं. त्या पिकाला किती पाणी लागतं ते हिडकल धरणाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. माझं मत स्पष्ट आहे: उसाचं क्षेत्र वाढवून विमानं उडवू नयेत. साखर काढून उरलेल्या मळीपासून टनामागे दहा लीटरच्या आसपास इथेनॉल मिळतं, ते आधी वापरावं. चिपाडापासून अल्कोहोल करायचं तंत्र अजून महाग आहे, आणि ते चिपाड बॉयलरला, कोजनलाही (कारखान्यातल्या वीजनिर्मितीला) लागतंच. तिथे खरी बुद्धी लागणार आहे. आपल्या भागातल्या हुशार मुलाने आयुष्य खर्ची घालावं असा हा प्रश्न आहे.

हॉटेलांतल्या वापरलेल्या तळणाच्या तेलापासून होणारं इंधन आज जगात सर्वांत पुढे आहे, पण असं तेल मिळून मिळून किती मिळणार? कोळशापासूनही विमान इंधन होतं. जोहान्सबर्गच्या विमानतळावर ते १९९९ पासून वापरात आहे. पण त्यात कर्बवायू तेलापेक्षा जास्त निघतो, त्यामुळे नव्या नियमांत त्याला जागा नाही.

इलेक्ट्रिकल घेऊ का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ‘हो’ आहे, पण कारण बॅटरीचं विमान नव्हे. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, त्याला कार्बन डायऑक्साइड जोडायचा आणि द्रव इंधन बनवायचं, अशी आणखी एक वाट आहे. युरोपच्या २०५० च्या ७० टक्क्यांत ३५ टक्के असंच इंधन हवं आहे. अडचण विजेची: एका लीटरला वीसहून जास्त युनिट लागतात. पण आपल्याकडे दोन गोष्टी जवळजवळ आहेत. डिस्टिलरीत मळी आंबताना टाकीवर जो फेस धरतो, त्यातून जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड सुटतो, लीटरभर अल्कोहोलमागे पाऊण किलो. आणि सौंदत्तीच्या डोंगरावर, पुढे गदगकडे पवनचक्क्या फिरतात. हा वायू आणि ही वीज एकत्र आणणारा माणूस इलेक्ट्रिकलचा असेल किंवा केमिकलचा, पण त्याला दोन्ही कळायला हवं. शिवाय विमान महाग झालं की चार-पाचशे किलोमीटरचा प्रवासी रेल्वेकडे वळेल. मिरज-लोंढा मार्ग विजेवर आहे. हुबळी-पुणे वंदे भारत २०२४ पासून बेळगाववरून जाते आणि बेळगाव-बंगळूर वंदे भारत २०२५च्या ऑगस्टपासून धावते. तिथलं कामही इलेक्ट्रिकलचंच.

मेकॅनिकलवाल्यांनी घाबरू नये. इंधन कुठलंही आलं तरी पंखाचा कप्पा, दाराची बिजागरी, चाकाचा सांगाडा लागणारच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी लेथ आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातूकामाचं यंत्र) चालवली आहे त्यांना मायक्रॉनची शिस्त नवी नाही. उलट इंधन महागलं की वजन वाचवणाऱ्या सुट्या भागाची किंमत वाढते. फक्त अ‍ॅल्युमिनियमवर थांबू नये, टायटॅनियम आणि कार्बन फायबरचं काम शिकावं. एरोनॉटिकलची पदवी मात्र पहिल्या पायरीवर घेऊ नये असं मला वाटतं. मेकॅनिकल करून पुढे एरोस्पेसकडे वळता येतं, उलट्या बाजूने वळणं जड जातं.

म्हणून क्रम असा लावेन. रसायनशास्त्र आवडत असेल तर केमिकल सर्वांत वर, आणि सुट्टीत एखाद्या डिस्टिलरीत काम बघावं. गणित आणि वीज आवडत असेल तर इलेक्ट्रिकल. हात यंत्रावर बसलेला असेल तर मेकॅनिकल. हायड्रोजन आणि बॅटरी पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावी. बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी बेळगावातच निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकता येतं.

केमिकलसाठी फक्त कर्नाटकच्या सीईटीवर अवलंबून राहू नका. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात ‘ई’ प्रकाराखाली अर्ज करता येतो. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीसारख्या ठिकाणी प्रयत्न करायचा असेल तर महाराष्ट्राची सीईटी द्या आणि मातृभाषेचं व सीमाभागातल्या गावाचं प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवा. मुलं पात्र असूनही या दोन कागदांपायी ऐनवेळी धावपळ होते.